क्रॅप्सच्या सिस्टम्सचा शंभर रोलमागचा खर्च: प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५

आजपासून नोंदी ठेवायला सुरुवात. माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, न्यू जर्सीतच राहतो, तिथून गार्डन स्टेट पार्कवे धरला की ॲटलांटिक सिटी, आणि त्याला क्रॅप्सचा नाद लागलाय. पैसे उधळणारा माणूस नाही तो, उलट प्रत्येक गोष्ट वहीत लिहिणारा, पण व्हिडिओंमधून एकेक बेटिंग सिस्टम शिकतो आणि खरंच मानतो की यातली एक तरी कॅसिनोला हरवणारी निघेल. वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही कॉम्प्युटरवाले आहात, तुम्हीच एकदा आकडे काढून दाखवा त्यांना, माझं ऐकत नाहीत." दादा स्वतःही म्हणाला की कर, मला पण बघायचंय.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शूटर दोन फासे टाकतो, पहिला रोल म्हणजे कम-आऊट. त्यात ७ किंवा ११ आलं की पासलाइन (शूटरच्या बाजूने लावलेली मुख्य बेट) जिंकली, २, ३ किंवा १२ आलं की हरली. बाकी जो आकडा येईल (४, ५, ६, ८, ९, १०) तो पॉइंट, डीलर पक (ऑन-ऑफ दाखवणारी चकती) पलटून 'ऑन' करून त्या आकड्यावर ठेवतो, मग शूटर टाकत राहतो आणि पॉइंट परत आला तर पासलाइनवाले जिंकले, त्याआधी ७ आलं तर सेव्हन आऊट, ते सगळे हरले, फासे पुढच्या माणसाकडे. एवढाच खेळ आहे, पण टेबलावर याशिवाय इतक्या बेट्स छापलेल्या असतात (प्लेस, फील्ड, हार्डवे, हॉर्न, एनी सेव्हन) की नवा माणूस गांगरतो, आणि सगळ्या सिस्टम्स या बेट्सची जुळवाजुळव करूनच बनवलेल्या असतात.

मला एकच गोष्ट मोजायचीये: अमुक सिस्टमने खेळलं तर १०० रोलमागे सरासरी किती डॉलर जातात. १०० रोल का, तर बऱ्यापैकी भरलेल्या टेबलवर साधारण तासाभरात तेवढे होतात, आणि दादा वेळ तासांत मोजतो, टक्क्यांत नाही.

१२ जानेवारी

सिम्युलेटर लिहायच्या आधी हाताने गणित केलं, म्हणजे नंतर कोड बरोबर आहे का हे ताडून बघता येईल. दोन फाशांच्या ३६ जोड्या, त्यातल्या ६ जोड्यांची बेरीज ७. पासलाइन ३६ पैकी ८ वेळा कम-आऊटलाच जिंकते, ४ वेळा हरते, उरलेल्या २४ वेळा पॉइंट ठरतो. पॉइंट ४ किंवा १० असेल तर ३ जोड्या आपल्या आणि ६ साताच्या, म्हणजे तीनात एकदा जिंकायचं. ५ आणि ९ ला ४ विरुद्ध ६. ६ आणि ८ ला ५ विरुद्ध ६. सगळं जोडलं की ४९५ पैकी २४४ वेळा जिंकणार आणि २५१ वेळा हरणार. हाउस एज, म्हणजे लावलेल्या पैशांतला सरासरी कॅसिनोकडे जाणारा हिस्सा, ७/४९५, म्हणजे १.४१४ टक्के. कॅसिनोतल्या खेळांच्या मानाने हे खूप कमी आहे, आणि क्रॅप्स मला आवडायला लागलाय तो यामुळेच, खेळ मुळात देखणा आहे.

यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. कम-आऊटला पासलाइन वरचढ असते, ८ विरुद्ध ४. पॉइंट ठरला की बाजू उलटते, कुठलाही पॉइंट असो, सातच जास्त वेळा येणार. म्हणून तर पासलाइनचे पैसे पॉइंट ठरल्यावर उचलू देत नाहीत. डोन्ट पासवाल्याला, म्हणजे शूटरच्या विरुद्ध लावणाऱ्याला, मात्र कधीही उचलायची मुभा असते, कारण तेव्हा तो वरचढ असतो आणि त्याने उचलले तर फायदा कॅसिनोचाच.

डोन्ट पास म्हणजे बरोब्बर उलटी बाजू, फक्त कम-आऊटला १२ आलं तर बरोबरी, पैसे परत. ती एक सवलत कॅसिनोने स्वतःकडे ठेवली नसती तर १.४१४ टक्के खेळणाऱ्याकडे गेले असते. ती ठेवल्यामुळे एज २७/१९८०, १.३६४ टक्के. पासलाइनपेक्षा किंचित बरं.

१८ जानेवारी

पायथनमध्ये सिम्युलेटर चालू झाला. दोन फासे वेगवेगळे टाकतो, १ ते ६, मग बेरीज. प्रत्येक बेट हा वेगळा क्लास, आणि सिस्टम म्हणजे "टेबलची अवस्था बघून आता काय लावू" एवढंच सांगणारं फंक्शन. त्यामुळे दादाच्या वहीतली कुठलीही सिस्टम दहा-पंधरा ओळींत उतरते.

पण सिम्युलेशनची एक मर्यादा आहे आणि व्हिडिओवाले ती कधीच सांगत नाहीत. पासलाइनच्या एका निकालाचं स्टँडर्ड डेव्हिएशन (सरासरीच्या आजूबाजूचा चढउतार) जवळपास १ युनिट, म्हणजे एका बेटएवढं, आहे, म्हणजे १ कोटी निकाल काढले तरी एजच्या आकड्यात ०.०३ टक्के इकडेतिकडे होणारच. पास आणि डोन्ट पास यांच्यातला फरक आहे ०.०५. म्हणजे एवढ्या प्रचंड खेळातूनसुद्धा दोघांतलं बरं कोणतं हे खात्रीने सांगता येत नाही, आणि लोक हजार रोलचा व्हिडिओ टाकून "बघा, प्रॉफिट" म्हणतात. हजार रोल म्हणजे पासलाइनचे तीनशेच्या आसपास निकाल, त्यात काहीही दिसू शकतं.

म्हणून ठरवलं की एज अपूर्णांकातच काढायचं, नेमकं, आणि सिम्युलेशन वापरायचं ते चढउतार बघायला, म्हणजे एका संध्याकाळी खिशाचं काय काय होऊ शकतं ते.

१९ जानेवारी

ऑड्स. क्रॅप्समधली सगळ्यात सुंदर बेट, आणि टेबलावर ती छापलेलीसुद्धा नसते. पॉइंट ठरला की पासलाइनच्या मागे जास्तीचे पैसे ठेवायचे, ते जिंकले तर खऱ्या शक्यतेच्या हिशोबाने मिळतात: ४ आणि १० ला २ ला १, ५ आणि ९ ला ३ ला २, ६ आणि ८ ला ६ ला ५. हाउस एज शून्य. कॅसिनोत शून्य एजची बेट मिळणं म्हणजे खरंच विशेष.

बऱ्याच टेबलांवर ३-४-५ पट ऑड्स देतात, म्हणजे ४/१० ला तिप्पट, ५/९ ला चौपट, ६/८ ला पाचपट. हे आकडे असे विचित्र का हे पेमेंट कॉलम छापल्यावर कळलं. १५ डॉलर पासलाइनवर असतील तर ४ ला ४५ लावायचे आणि ९० मिळतात, ५ ला ६० लावायचे आणि ९० मिळतात, ६ ला ७५ लावायचे आणि तरी ९०च. पॉइंट कोणताही असो, पूर्ण ऑड्स असतील तर डीलरला एकच रक्कम मोजायची. ज्याने कोणी ही पद्धत बसवली त्याचं कौतुक वाटतं.

आता मुद्द्याचं. सगळे सांगतात की ऑड्स घेतले की एज १.४१४ वरून ०.३७४ टक्क्यांवर येतं, आणि ते खरं आहे. लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशूमध्ये एकेकाळी १०० पट ऑड्स मिळायचे, तिथे तर हा आकडा ०.०२१ पर्यंत खाली जातो. पण टक्का खाली येतो कारण भागाकारात खालची रक्कम वाढली. डॉलरमध्ये जाणारे पैसे तेवढेच, १५ डॉलरमागे २१ सेंट, ऑड्स घ्या किंवा नका घेऊ. बदलतात ते चढउतार. एका निकालाचं डेव्हिएशन नुसत्या पासलाइनला १ युनिट, पूर्ण ३-४-५ ऑड्सला ४.९२ युनिट. म्हणजे १५ डॉलरच्या टेबलवर ३० निकालांनंतर (साधारण तासभर) दोन्हीकडे सरासरी तोटा साडेसहा डॉलरच्या आत, पण नुसत्या पासलाइनला ८२ डॉलर इकडेतिकडे आणि ऑड्ससकट ४०४ डॉलर इकडेतिकडे. ४०० डॉलर घेऊन गेलेल्या माणसाने पूर्ण ऑड्स घेतले तर पहिल्या तासात खिसा रिकामा होणं अगदी शक्य आहे, आणि एज किती कमी होतं याने त्याला काही फरक पडत नाही.

दादासाठी लिहून ठेवलं: ऑड्स जरूर घ्यायचे, पण त्यासाठी पासलाइन वाढवायची नाही, आणि किती पट घ्यायचे ते खिसा बघून.

२५ जानेवारी

आयर्न क्रॉस. दादाची लाडकी सिस्टम, त्यामुळे हिला सगळ्यात जास्त वेळ दिला.

फील्डवर पैसे (फील्ड म्हणजे २, ३, ४, ९, १०, ११, १२) आणि शिवाय ५, ६, ८ वर प्लेस बेट (तो आकडा साताच्या आधी आला की जिंकते). झालं, सात सोडून प्रत्येक आकडा आपला. ३६ पैकी ३० जोड्यांवर पैसे मिळतात. दादा म्हणतो, "अरे प्रत्येक रोलला डीलर माझ्याकडे चिप्स सरकवतो, यात हरायचं कसं?" आणि टेबलजवळ उभं राहिल्यावर ते तसंच वाटतं हे मला पूर्ण मान्य आहे.

छोट्या आकड्यांत: फील्ड ५, पाचावर ५, सहावर ६, आठावर ६, एकूण २२ डॉलर. फील्डवर २ ला दुप्पट आणि १२ ला तिप्पट मिळते असं धरू, हे चांगलं टेबल झालं. ५, ६ किंवा ८ आलं तर प्लेसचे ७ मिळतात पण फील्डचे ५ जातात, हातात २. फील्डचा आकडा आला तर ५, २ ला १०, १२ ला १५. सात आलं तर सगळे २२ गेले.

आता या ३० जिंकणाऱ्या जोड्यांची सरासरी काढली तर एका हिटला ४ डॉलर १० सेंट येतात. आणि दोन सातांच्या मध्ये सरासरी पाच हिट. पाच गुणिले ४.१० म्हणजे साडेवीस. मग सात येतो आणि बावीस नेतो. दर फेरीला दीड डॉलर कमी, बस्स, सगळी सिस्टम या एका वजाबाकीत आहे. मी हे दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला परत सांग, लिहून घेतो.

आणखी एक आकडा काढला तो मला फार महत्त्वाचा वाटतो. सरासरी हिट धरली तर २२ भरून निघायला सहा हिट लागतात, सलग सहा रोल सात न येण्याची शक्यता ३३.५ टक्के. म्हणजे ८३ टक्के रोल जिंकणारा माणूस तीनातल्या जेमतेम एका फेरीत पुढे राहतो. डोक्यात रोल मोजले जातात, खिशात फेऱ्या मोजल्या जातात, दादासारखा हुशार माणूस फसतो तो इथे असं मला वाटतं.

रोलमागे एज १.१३६ टक्के. १२ ला तिप्पट न देता दुप्पटच देणारं टेबल असेल तर १.७६८. दिसायला हे पासलाइनपेक्षा कमी किंवा तेवढंच वाटतं, काही व्हिडिओंमध्ये तर हाच आकडा अभिमानाने सांगतात, पण पासलाइनचं १.४१४ हे एका निकालामागे आहे आणि एक निकाल लागायला सरासरी ३.३८ रोल जातात. आयर्न क्रॉसचं प्रत्येक रोलमागे. दोन्ही एकाच मापात आणायला हवेत, ते उद्या.

२६ जानेवारी

शंभर रोलचं कोष्टक तयार. १५ डॉलर मिनिममचं टेबल धरलंय, कारण दादा तिथेच उभा राहतो. प्लेस बेट्स कम-आऊटला सहसा बंद असतात, मी तुलनेसाठी सगळ्या कायम चालू धरल्यात, तेवढं लक्षात ठेवा.

पासलाइन १५ डॉलर: १०० रोलमागे ६ डॉलर २८ सेंट. त्यावर कितीही ऑड्स घेतले तरी तेच. ६ आणि ८ वर १८-१८ च्या प्लेस बेट: १६ डॉलर ६७ सेंट. नुसतं फील्ड १५ डॉलर: १२ ला तिप्पट असेल तर ४१.६७, दुप्पट असेल तर ८३.३३. आयर्न क्रॉस १५ च्या टेबलवर म्हणजे फील्ड १५, पाचावर १५, सहावर १८, आठावर १८, एकूण ६६ डॉलर: चांगल्या टेबलवर ७५, साध्या टेबलवर ११६.६७.

सहा डॉलर आणि पंचाहत्तर डॉलर. एकाच टेबलवर, तेच फासे, तोच तास, शेजारी शेजारी उभे दोघे जण, आणि पंचाहत्तरवाला जास्त वेळा जिंकताना दिसतोय. हा फरक बघून मी स्वतः खुर्चीत मागे टेकलो. कारण काय तर रोलमागे मोजलं की एज जास्त आणि मुख्य म्हणजे टेबलावर प्रत्येक रोलला ६६ डॉलर उघडे, आणि त्यातले फील्डचे १५ तर दर रोलला निकाली निघतात.

मधल्या चौकोनातल्या बेट्सही टाकल्या कोष्टकात. हार्ड एटवर, म्हणजे ४-४ ने आठ यावेत यावर, सतत ५ डॉलर ठेवले तर १०० रोलमागे १३.८९. पंधराच्या पासलाइनच्या दुप्पट खर्च फक्त पाच डॉलरच्या चिपला! एनी सेव्हनवर, म्हणजे पुढच्याच रोलला सात यावं यावर, सतत ५ डॉलर: ८३.३३. स्टिकमन (काठीने फासे सरकवणारा डीलर) मोठ्याने पुकारून विकतो त्या बेट्स बहुतेक याच असतात.

१ फेब्रुवारी

मार्टिंगेल. हरलं की दुप्पट, जिंकलं की परत पहिल्यापासून, प्रत्येक मालिकेत १५ डॉलर नफा. ही शेकडो वर्षं जुनी आहे आणि क्रॅप्सशी तिचा खास संबंध काहीच नाही, तरी वहीत होती म्हणून केली.

टेबलची कमाल मर्यादा १,००० डॉलर धरली. १५, ३०, ६०, १२०, २४०, ४८०, ९६०, इथे संपलं, पुढची १,९२० लावूच देणार नाहीत. सात वेळा सलग हरायची शक्यता ०.८६ टक्के, साधारण ११६ मालिकांत एकदा. तेव्हा जातात १,९०५ डॉलर. बाकी ९९.१४ टक्के वेळा १५ मिळतात. गुणाकार केला की प्रत्येक मालिकेमागे सरासरी १ डॉलर ५५ सेंट तोटा. मग दुसऱ्या बाजूने मोजलं: एका मालिकेत सरासरी एकूण लावलेले पैसे १०९ डॉलर ५६ सेंट, गुणिले १.४१४ टक्के, १ डॉलर ५५ सेंट. तंतोतंत. क्रम कसाही बदला, दुप्पट करा, तिप्पट करा, उलट करा, एकूण लावलेली रक्कम गुणिले एज, याच्या बाहेर काही जात नाही. हे समीकरण आता कोडमध्ये टेस्ट म्हणून टाकलंय, प्रत्येक नव्या सिस्टमला आधी त्यातून जावं लागतं.

२०० मालिका खेळणाऱ्याला तो १,९०५ चा खड्डा एकदा तरी लागायची शक्यता ८२ टक्के. दादाला हे आवडलं नाही, पण मार्टिंगेल त्याने वहीतून स्वतः खोडली.

२ फेब्रुवारी

छोटी नोंद, हेजबद्दल, म्हणजे एका बेटच्या रक्षणासाठी लावलेल्या दुसऱ्या बेटबद्दल. कम-आऊटला २, ३, १२ ची भीती म्हणून पासलाइनच्या १५ डॉलरबरोबर ३ डॉलर एनी क्रॅप्सवर (पुढच्या रोलला २, ३ किंवा १२ यावं यावर) टाकायची पद्धत आहे, सातपट मिळते. ३ डॉलरच्या त्या बेटचा खर्च प्रत्येक कम-आऊटला ३३ सेंट. ज्याचं रक्षण करायचं त्या पासलाइनचा खर्च २१ सेंट. मालापेक्षा विमा महाग. ज्या ज्या सिस्टममध्ये हेज आहे ती हेज काढल्यावर स्वस्त झाली, एकही अपवाद निघाला नाही, आणि निघणारही नव्हता कारण एज असलेल्या दोन बेट्स जोडल्या तर खर्चांची बेरीजच होते.

८ फेब्रुवारी

दादाचा प्रश्न: मग तो बाईचा रेकॉर्ड कसा झाला? पॅट्रिशिया डेमॉरो, २३ मे २००९, ॲटलांटिक सिटीतलं बोर्गाटा, एकाच हातात (हात म्हणजे एका शूटरची पाळी) १५४ रोल, ४ तास १८ मिनिटं सेव्हन आऊट न होता. त्याआधीचा विक्रम स्टॅनली फुजिटाके यांचा, १९८९, लास वेगासचं कॅलिफोर्निया हॉटेल, ११८ रोल.

हे सिम्युलेशनने सापडणार नाही, इतकं दुर्मीळ आहे. त्यासाठी मार्कोव्ह साखळी (एका अवस्थेतून दुसरीत जायच्या शक्यतांचं कोष्टक) लिहिली, चारच अवस्था: कम-आऊट, पॉइंट ४/१०, पॉइंट ५/९, पॉइंट ६/८. चार बाय चारची मॅट्रिक्स, गुणत जायचं. सरासरी हात ८.५३ रोलचा निघतो. पण निम्म्याहून किंचित जास्त शूटर ६ रोलच्या आत किंवा सहाव्याला संपतात, ५०.३ टक्के. सरासरी वर खेचली जाते ती थोड्या लांब हातांमुळे. १५४ किंवा जास्त रोलची शक्यता ५६० कोटींत सुमारे एक. स्टुअर्ट एथिअर आणि फ्रेड हॉप्पी या गणितज्ञांनी याच विक्रमावर काम केलंय, त्यांचा आकडाही हाच आहे, आपली मॅट्रिक्स बरोबर आहे म्हणून खूप बरं वाटलं.

जगभर एवढी वर्षं एवढे लोक फासे टाकतायत, कुणाला तरी लांब हात लागणारच. त्यावरून सिस्टम बांधता येत नाही, कारण तो कधी सुरू झाला हे संपल्यावरच कळतं.

फासे विशिष्ट पद्धतीने धरून टाकणारे, डाइस कंट्रोलवाले, त्यांचंही बघितलं. स्टॅनफर्ड वाँग या टोपणनावाने लिहिणाऱ्या जुगार-अभ्यासकाची २००४ ची पैज प्रसिद्ध आहे, ५०० रोलमध्ये सात ८० पेक्षा कमी वेळा यायला हवे होते, आले ७४. अपेक्षा ८३.३३. ऐकायला जबरदस्त, पण ५०० रोलचं डेव्हिएशनच ८.३३ आहे, म्हणजे काहीही कंट्रोल नसलेल्या माणसालासुद्धा ७४ किंवा कमी सात येण्याची शक्यता साधारण १४-१५ टक्के. यावरून हो म्हणता येत नाही, नाही पण म्हणता येत नाही. फासे समोरच्या भिंतीवरच्या रबरी सुळक्यांवर आपटायलाच लागतात, ते सुळके तिथे बसवलेत ते यासाठीच. कोडमध्ये हा पर्याय ठेवलेला नाही.

१५ फेब्रुवारी

आजचा निकाल मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा आहे. प्रश्न असा: ३०० डॉलर घेऊन गेलो, ६०० झाले की उठायचं किंवा शून्य झालं की उठायचं. फक्त पासलाइन, ऑड्स नाहीत. बेट किती ठेवायची?

सगळे ३०० एकदम लावले तर ४९.३ टक्के. १५-१५ च्या बेट्सनी खेळलं तर ३६.२ टक्के. ५ डॉलरचं टेबल मिळालं आणि ५-५ ने खेळलं तर १५.५ टक्के. एज तिन्हीकडे तेच १.४१४! फरक एवढाच की छोट्या बेट्सनी खेळताना तेच पैसे पुन्हा पुन्हा टेबलावरून फिरतात आणि प्रत्येक फेरीत थोडे थोडे झिजतात. १५ च्या बेट्सने निकाल लागायला सरासरी ३९० निकाल जातात, १३ तासांचा खेळ. ५ च्या बेट्सने २,९०० च्या वर निकाल, शंभर तासांच्या जवळ.

म्हणजे सावधपणे खेळणाऱ्याला दुप्पट करायची आशा सोडावी लागते, पण वेळ भरपूर मिळतो, आणि दुप्पटच करायचे असतील तर एका झटक्यात, मग संध्याकाळ दोन मिनिटांत संपली. दोन्ही एकदम मिळत नाही, आणि वहीतली प्रत्येक सिस्टम नेमकं दोन्हीचं आश्वासन देते.

झटक्याचं टोकाचं उदाहरण खरंच घडलेलं आहे. बेनी बिनियन यांच्या हॉर्सशूमध्ये पहिली बेट हीच तुमची मर्यादा, कितीही मोठी चालेल, अशी ख्याती होती. १९८० साली विल्यम ली बर्गस्ट्रॉम नावाचा माणूस ७,७७,००० डॉलर घेऊन आला, सगळे डोन्ट पासवर लावले. पॉइंट ६, मग ९, मग ७. जिंकला. १९८४ ला परत येऊन त्याने दहा लाखांची एक बेट लावली, ती हरला. यात कुठलीही सिस्टम नव्हती, दोन्ही वेळा नाणं उडवल्यासारखी जवळपास समसमान शक्यता.

२२ फेब्रुवारी

दादाकडे जेवायला गेलो होतो, लॅपटॉप घेऊन. वहिनींनी थालीपीठं केली होती, आम्ही दोघं टेबलवर त्याची वही आणि माझं कोष्टक शेजारी ठेवून बसलो. आयर्न क्रॉसचं फिल्म रिळासारखं ॲनिमेशन केलंय, वर रोल येतात, खाली चिप्सचा ढीग वाढत जातो आणि सात आला की कोसळतो. दादाने बटण दाबून बऱ्याच वेळा चालवलं. एकदा ढीग चांगलाच वर गेला तेव्हा म्हणाला, "बघ, इथे उठायचं." मी म्हटलं की दादा, इथे उठायचं हा नियम पण टाकूया कोडमध्ये, बोल किती नफ्याला. त्याने १०० सांगितले, टाकले. १०० रोलचा खर्च कमी झाला, पण फक्त खेळलेले रोल कमी झाले म्हणून, खेळलेल्या रोलमागे तेच ७५ सेंट. त्याने स्वतः भागाकार करून बघितला आणि मान हलवली.

मग त्याने विचारलं, म्हणजे जाऊच नको असं म्हणतोस का? मी तसं म्हणत नाही आणि मला ते खरंच म्हणायचं नाहीये. त्याला ते टेबल आवडतं, लोकांचा गलका आवडतो, स्वतः शूटर असताना अख्खं टेबल आपल्या बाजूने ओरडतंय हे आवडतं. तासाला ६ डॉलर सरासरी खर्च असेल तर ती करमणूक सिनेमाच्या तिकिटापेक्षा स्वस्त आहे. फक्त ७५ आणि ११६ वाली नको, आणि नेलेले पैसे परत येणार नाहीत असं धरूनच न्यायचे. वहिनींनी यावर एकच अट घातली, कार्ड घरी ठेवायचं. दादाने ती मान्य केली.

त्याच्या नव्या पानावर त्याच्याच हाताने: पासलाइन १५, ऑड्स जास्तीत जास्त एक पट, मधल्या चौकोनात काही नाही, रोख ३००. डोन्ट पास किंचित स्वस्त आहे हे त्याला माहितीये, तरी त्याला पूर्ण टेबलच्या विरुद्ध बसायचं नाही, आणि १५ डॉलरवर तो फरक एका सेंटपेक्षा कमी आहे, त्यामुळे मी काही बोललो नाही.

१ मार्च

दादाच्या मित्राने क्रॅपलेस क्रॅप्सचं सुचवलंय, लास वेगासचा बेत आहे त्यांचा. बॉब स्टुपॅक यांनी त्यांच्या वेगास वर्ल्ड कॅसिनोत आणलेला प्रकार. कम-आऊटला २, ३, १२ वर हरायचंच नाही, तेही पॉइंट होतात. ऐकून वाटतं की काय उदार नियम आहे. पण ११ सुद्धा पॉइंट होतो, म्हणजे जो ११ आधी हमखास जिंकायचा तो आता सात यायच्या आत परत यायला लागतो, चारात एकदाच येतो. २ आणि १२ पॉइंट झाले तर सातात एकदा जिंकणार, ३ चारात एकदा. जेवढं मिळालं त्याच्यापेक्षा ११ ने कितीतरी जास्त नेलं. जिंकायची शक्यता ४९.२९ वरून ४७.३१ टक्क्यांवर, एज ५.३८ टक्के. पंधरा डॉलरच्या बेटमागे २१ सेंटच्या जागी ८१ सेंट.

कोडमध्ये बदल फक्त कम-आऊटच्या फंक्शनमध्ये करावा लागला, मार्कोव्ह साखळीत मात्र दोन अवस्था वाढल्या, २/१२ ची आणि ३/११ ची. टेस्ट पास. दादाला मेसेज टाकलाय की टेबलवर २, ३, ११, १२ चे चौकोनसुद्धा पॉइंटच्या रांगेत छापलेले दिसले तर तिथे पासलाइन लावू नको, शेजारचं साधं टेबल शोध. ऑड्स तिथेही शून्य एजचेच असतात, २ आणि १२ ला ६ ला १, ३ आणि ११ ला ३ ला १, ते कोष्टकात घालायचं काम उरलंय.